विमानाच्या इंजिनावरचा अ‍ॅक्सेसरी गिअरबॉक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एएमईचा (विमान देखभाल अभियंत्याचा) अभ्यास करणारे, लाइनवर नव्याने लागलेले टेक्निशियन आणि विमानांचे शौकीन यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उदाहरणाला मुख्यतः बोइंग ७३७-८०० वरचं सीएफएम५६-७बी इंजिन घेतलं आहे. दुसरं इंजिन आलं की तिथे तसं सांगितलं आहे. आकडे समजून घेण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष काम करताना त्या विमानाचं चालू मॅन्युअलच उघडायचं.

१. अ‍ॅक्सेसरी गिअरबॉक्स म्हणजे काय? जेट इंजिनात तर सगळं हवेवर आणि जाळावरच चालतं ना?

थ्रस्ट हवेतून मिळतो हे खरं. पण ज्वलनकक्षात इंधन दाबाने ढकलायला पंप लागतो, बेअरिंगना ऑइल पाठवायला पंप लागतो, आणि विमानाला वीज व हायड्रॉलिक दाब लागतो. हे पंप आणि जनरेटर फिरवणारी दात्यांच्या चाकांची पेटी म्हणजे अ‍ॅक्सेसरी गिअरबॉक्स, बोलताना एजीबी. मोटारीत अल्टरनेटर पट्ट्यावर चालतो, तसंच हे. फरक इतकाच की मोटारीचा पट्टा तुटला तरी ती थोडं अंतर काढते. इथे मुख्य शाफ्ट तुटला तर इंजिन काही क्षणांत विझतं (प्रश्न १२).

एजीबीची गिऱ्हाइकं दोन. पहिलं स्वतः इंजिन: इंधन, ऑइल, कंट्रोलची वीज. दुसरं विमान: दिवे, एव्हिऑनिक्स, हायड्रॉलिक्स. कुठला बिघाड किती गंभीर, हे कुठल्या गिऱ्हाइकाचं नुकसान होतं त्यावरून ठरतं.

२. इंजिनाच्या पोटातली ताकद बाहेरच्या पेटीपर्यंत पोहोचते कशी?

सीएफएम५६ मध्ये क्रम असा: एचपी रोटरच्या (इंजिनातल्या हाय-प्रेशर कॉम्प्रेसर-टर्बाइनच्या फिरत्या भागाच्या) पुढच्या टोकाला इनलेट गिअरबॉक्स, तिथून फॅन फ्रेमच्या पोकळ स्ट्रटमधून बाहेर येणारा रेडियल ड्राइव्ह शाफ्ट, मग ट्रान्सफर गिअरबॉक्स, मग आडवा हॉरिझॉन्टल ड्राइव्ह शाफ्ट, आणि शेवटी एजीबी.

दिशा दोनदा काटकोनात वळते, म्हणून इनलेट आणि ट्रान्सफर गिअरबॉक्समध्ये स्पायरल बेव्हल गिअर असतात. एजीबीच्या आत बहुतांशी साधे स्पर गिअर एका रांगेत, मधे आयडलर. बेव्हलची जोडी एकत्रच जुळवलेली असते. एक चाक खराब झालं म्हणून तेवढंच बदलून चालत नाही, आणि बॅकलॅश (दातांमधली फट) शिम म्हणजे पातळ चकत्या लावून बसवावा लागतो. गिअरसाठी साधारणपणे कार्ब्युराइझ केलेलं ९३१० पोलाद वापरतात: दाताचा पृष्ठभाग कडक, गाभा चिवट. पेटी अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाची. या दोन धातूंचा उल्लेख प्रश्न १५ मध्ये परत येईल.

३. ताकद एन२ वरूनच, म्हणजे एचपी रोटरवरूनच, का घेतात? पुढचा फॅन एवढा मोठा, त्यावरून का नाही?

दोन कारणं. पहिलं कारण वेगाचा पल्ला. सीएफएम५६-७बी मध्ये एन१ (फॅनच्या शाफ्टचा वेग) चे १०० टक्के म्हणजे ५,१७५ आरपीएम आणि एन२ चे १०० टक्के म्हणजे १४,४६०. आयडलला एन१ सुमारे २० टक्क्यांवर येतो, एन२ मात्र ६० टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणजे फॅनवर पंप लावला तर त्याला पाचपट पल्ल्यात काम करावं लागेल. एचपी स्पूलवर, म्हणजे एचपी रोटरवर, लावला तर जेमतेम पावणेदोन पट. आयडलला पुरेसा दाब देणारा आणि टेकऑफला फाटणार नाही असा पंप बनवणं दुसऱ्या स्थितीत फार सोपं.

दुसरं कारण स्टार्टिंग. इंजिन सुरू करताना एचपी कॉम्प्रेसर फिरवावा लागतो, आणि स्टार्टर त्याच गिअरबॉक्सवर बसलेला असतो (प्रश्न ७).

या नियमाला अपवाद आहे. तो प्रश्न १८ मध्ये.

४. त्यावर नेमकं काय काय लावलेलं असतं?

सीएफएम५६-७बी वर: इंधन पंप आणि त्याला जोडलेलं एचएमयू (इंधन मोजून सोडणारं युनिट), ऑइलचं ल्युब युनिट, ईईसीचा (इंजिनाच्या कंट्रोल कॉम्प्युटरचा) अल्टरनेटर, आयडीजी (विमानाला वीज देणारा जनरेटर, प्रश्न ६), हायड्रॉलिक पंप, एअर टर्बाइन स्टार्टर, एन२ चा स्पीड सेन्सर आणि हाताने इंजिन फिरवायचं हँडक्रँकिंग पॅड. ल्युब युनिटमध्ये एक सप्लाय पंप आणि तीन स्कॅव्हेंज पंप (वापरलेलं ऑइल परत ओढणारे) असतात: पुढचा संप (बेअरिंगखाली ऑइल जमण्याची जागा), मागचा संप, आणि एजीबी-ट्रान्सफर गिअरबॉक्स मिळून एक.

प्रत्येक अ‍ॅक्सेसरी ज्या सपाट जागेवर बसते तिला पॅड म्हणतात. प्रत्येक पॅडचा वेग आणि फिरण्याची दिशा वेगळी. एन२ सेन्सर गिअरबॉक्सवर आहे हे लक्षात ठेवा. कॉकपिटमध्ये दिसणारा एन२ हा खरं तर गिअरबॉक्सचा वेग असतो. ट्रबलशूटिंगमध्ये हा एक मुद्दा बराच वेळ वाचवतो.

५. एवढी सगळी यंत्रं इंजिनाची किती ताकद खातात?

हायड्रॉलिक पंपाचा हिशेब सोपा आहे. समजा इंजिनवरचा पंप ३,००० पीएसआयला मिनिटाला सुमारे २२ अमेरिकन गॅलन, म्हणजे ८३ लिटर देतो. गुणाकार केला की २९ किलोवॅट, अर्थात ३८ अश्वशक्तीच्या आसपास, आणि पंपातला तोटा वर. आयडीजी ९० केव्हीएचा. तो पूर्ण भारावर क्वचितच असतो, पण असला तर शाफ्टवर १०० किलोवॅटहून जास्त घेतो.

लोक फक्त किलोवॅट बघतात. गिअरच्या दातांना किलोवॅट कळत नाही, त्यांना टॉर्क कळतो. समजा रेडियल शाफ्टमधून १०० किलोवॅट जातात आणि शाफ्ट रोटरच्याच वेगाने फिरतो. १४,४६० आरपीएमला टॉर्क ६६ न्यूटन-मीटर येतो. तेच १०० किलोवॅट आयडलला, ८,६७६ आरपीएमला घेतले तर ११० न्यूटन-मीटर. म्हणजे विजेचा तोच भार असताना गिअर टेकऑफपेक्षा आयडलला जास्त ताणाखाली असतात. टेकऑफला सगळ्यात जास्त ताण येतो असं बहुतेकांना वाटतं, म्हणून हे सविस्तर सांगितलं.

६. इंजिनाचा वेग कमी-जास्त होतो, मग वीज कायम ४०० हर्ट्झचीच कशी?

आयडीजीमुळे. याच्या एकाच खोक्यात दोन गोष्टी असतात: हायड्रोमेकॅनिकल कॉन्स्टंट स्पीड ड्राइव्ह आणि जनरेटर. ड्राइव्हमध्ये डिफरन्शियल गिअर आणि हायड्रॉलिक पंप-मोटरची जोडी असते. आत येणारा वेग कमी पडला की मोटर त्यात भर घालते, जास्त झाला की वजा करते. जनरेटर दोन पोलचा असेल तर ४०० हर्ट्झला त्याला २४,००० आरपीएम लागतात, चार पोलचा असेल तर १२,०००. बाहेर येते ती ११५/२०० व्होल्ट, तीन फेजची वीज.

आयडीजीचं ऑइल इंजिनाच्या ऑइलपासून वेगळं असतं. त्याची पातळी आयडीजीच्याच साइट ग्लासवर बघायची. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ ही सवय इथे महागात पडते: पातळी वर गेली की फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, तापमान चढतं आणि चांगला आयडीजी डिस्कनेक्ट करायची पाळी येते.

७. स्टार्टर याच गिअरबॉक्सवर का?

कारण साखळी उलटी चालवता येते. एपीयूची (विमानातल्या छोट्या सहायक इंजिनाची) किंवा ग्राउंड कार्टची हवा स्टार्टरची छोटी टर्बाइन फिरवते, तिच्यापुढचे रिडक्शन गिअर वेग कमी करून टॉर्क वाढवतात, आणि ताकद एजीबीतून, शाफ्टांतून, इनलेट गिअरबॉक्समार्गे एचपी रोटरला पोहोचते. इंजिन चालू असताना दाताची एक बाजू भार घेते, स्टार्ट होताना दुसरी. म्हणून दातांच्या दोन्ही बाजू तपासायच्या असतात.

७३७ एनजीवर एन२ २५ टक्क्यांना पोहोचला की इंधन सोडतात, आणि साधारण ५६ टक्क्यांना स्टार्टर कट-आउट होतो. त्यानंतर स्प्रॅग क्लच (एकाच दिशेने पकडणारा) सुटून स्टार्टर थांबतो आणि गिअरबॉक्सची बाजू फिरत राहते. स्टार्ट व्हॉल्व्ह उघडा अडकला तर मात्र भार नसलेली टर्बाइन वेग घेत जाते. कॉकपिटमधला ‘स्टार्ट व्हॉल्व्ह ओपन’ दिवा विझला की नाही, हे प्रत्येक स्टार्टला बघतात ते याचसाठी.

८. आयडीजी असताना ईईसीसाठी वेगळा अल्टरनेटर कशाला?

विमानाची वीज पूर्ण गेली तरी इंजिन चालू राहावं म्हणून. एन२ सुमारे १५ टक्क्यांच्या वर गेला की हा छोटा परमनंट मॅग्नेट अल्टरनेटर ईईसीला स्वतंत्र वीज देतो. त्याखाली, किंवा तो बिघडला तर, विमानाची वीज वापरली जाते. त्याला स्वतःचं बेअरिंग नाही, रोटर सरळ गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतो. चुंबक ताकदवान असल्यामुळे बसवताना रोटर हातातून खेचला जातो आणि स्टेटरची कड खरवडते. मॅन्युअलमध्ये गाइड पिन किंवा टूल सांगितलं असेल तर ते वापरायचंच.

९. काही इंजिनांत पेटी फॅन केसवर, काहींत कोअरवर (इंजिनाच्या गाभ्यावर). कुठली चांगली?

फॅन केसवर थंडावा असतो आणि काउल (इंजिनावरचं उघडतं झाकण) उघडलं की सगळं हाताशी येतं, पण शाफ्ट लांब होतो आणि नॅसेल (इंजिनाचं बाहेरचं आवरण) जाड. कोअरवर शाफ्ट आखूड, नॅसेल सडपातळ, पण उष्णता जास्त आणि हात घालायला जागा कमी. सीएफ६-८०सी२ आणि पीडब्ल्यू११००जी कोअरवाले. सीएफएम५६ फॅन केसवालं.

७३७-३०० च्या इंजिनाचं तोंड खालून चपटं का, हा प्रश्नही इथलाच. त्या विमानाचे पाय आखूड. सीएफएम५६-३ बसवताना खालची अ‍ॅक्सेसरींची गर्दी बाजूला सरकवली, म्हणून नॅसेलचे गाल फुगले आणि तळ सपाट झाला.

१०. ए३२०निओच्या ‘गिअर्ड टर्बोफॅन’मधला गिअरबॉक्स तो हाच का?

नाही. पीडब्ल्यू११००जी मधला फॅन ड्राइव्ह गिअर लो-प्रेशर स्पूल आणि फॅन यांच्यामध्ये बसतो, फॅनचा वेग सुमारे तीनास एक कमी करतो आणि हजारो किलोवॅट वाहून नेतो. अ‍ॅक्सेसरींसाठी त्या इंजिनात अँगल गिअरबॉक्स आणि मेन गिअरबॉक्स वेगळे आहेत. बातम्यांत नुसतं ‘गिअरबॉक्समध्ये बिघाड’ असं आलं की कुठला, हे आधी विचारावं.

११. एखादा पंप जाम झाला तर सगळा गिअरबॉक्स फुटतो का?

फुटू नये म्हणूनच अ‍ॅक्सेसरीच्या शाफ्टवर शिअर नेक असतो: मुद्दाम बारीक ठेवलेला भाग, ठरलेल्या टॉर्कला तुटणारा. हायड्रॉलिक पंप जाम झाला की त्याचा शाफ्ट तुटतो, पंप थांबतो, गिअरबॉक्स फिरत राहतो. नुकसान एका हायड्रॉलिक सिस्टिमपुरतं. आयडीजीला त्याशिवाय डिस्कनेक्टची सोय आहे (प्रश्न १३). इंधन पंपाचा शाफ्ट तुटला तर गिअरबॉक्स वाचतो, पण इंजिन बंद पडतं.

स्टार्टरचा शिअर नेक तुटल्याची खूण अशी: व्हॉल्व्ह उघडतो, डक्टचा दाब पडतो, हवेचा आवाज येतो, पण एन२ हलत नाही. लगेच नवा स्टार्टर लावू नका. आधी हँडक्रँकने रोटर मोकळा फिरतो का ते बघा. रोटरच अडकला असेल तर नवा स्टार्टरही तसाच तुटेल.

१२. रेडियल ड्राइव्ह शाफ्टच तुटला तर?

मग एजीबीवरचं सगळं एकदम थांबतं. इंधन पंप थांबला की ज्योत विझते. सोबत ऑइल दाब, आयडीजी, हायड्रॉलिक पंप आणि एन२ चं इंडिकेशनही जातं. रोटर वाऱ्यावर फिरत असला तरी एन२ शून्य दिसू शकतो, कारण सेन्सर गिअरबॉक्सवर आहे (प्रश्न ४). हवेत पुन्हा स्टार्ट करून उपयोग नाही. जमिनीवर मोटरिंग करून (इंधन न सोडता स्टार्टरने फिरवून) पाहिलं तर उलटं चित्र दिसतं: स्टार्टरला फक्त गिअरबॉक्सचाच भार असल्यामुळे एन२ अनैसर्गिक झपाट्याने चढतो, आणि फॅन मात्र ढिम्म.

खात्री करायची पद्धत: एकाने हँडक्रँकिंग पॅडवरून फिरवायचं, दुसऱ्याने बोअरस्कोपमधून (इंजिनात घालायच्या बारीक दुर्बिणीतून) एचपी कॉम्प्रेसरची पाती बघायची. पॅड फिरतंय आणि पाती स्थिर आहेत, तर मधली साखळी तुटली आहे.

हे पुस्तकी उदाहरण नाही. २०१३ मध्ये बोइंग ७७७ वरच्या जीई९०-११५बी इंजिनांत ट्रान्सफर गिअरबॉक्सचा रेडियल गिअरशाफ्ट निकामी होऊन दोन इंजिनं उड्डाणात बंद पडली. अमेरिकेच्या एफएएने तातडीचा आदेश काढला. संशयित गिअरबॉक्स एकाच विमानाच्या दोन्ही इंजिनांत नसावेत हा त्याचा गाभा.

१३. आयडीजी हवेत डिस्कनेक्ट केला तर परत जोडता येतो का?

नाही. जमिनीवर, इंजिन पूर्ण थांबल्यावर, आयडीजीवरची रीसेट रिंग ओढूनच.

कॉकपिटमधलं डिस्कनेक्टचं बटण दाबलं की सोलेनॉइड एक खिटी सोडते, ती वर्म गिअरच्या आट्यांत अडकते, आणि शाफ्टचं फिरणंच क्लचचे दात एकमेकांपासून ओढून काढतं. म्हणजे सुटण्यासाठी शाफ्ट फिरत असायला हवा. म्हणूनच ए३२० वर इंजिन चालू किंवा विंडमिलिंग (वाऱ्यावर फिरत) असतानाच डिस्कनेक्ट करायचं आणि बटण ३ सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवायचं नाही. सोलेनॉइड जळू शकते.

बटण न दाबताही आयडीजी सुटू शकतो. तापमान फार चढलं की आतला वितळणारा प्लग यंत्रणा सोडतो. अशा वेळी रिंग ओढून भागत नाही, आयडीजी बदलावाच लागतो. एका जनरेटरशिवाय उड्डाण करता येईल का, याचं उत्तर एमईएलमध्ये (काय बंद असताना उडता येतं याच्या मंजूर यादीत) बघायचं. ७३७ वर त्यासाठी एपीयूचा जनरेटर चालू लागतो.

१४. ड्रेन मास्टमधून (इंजिनाखालच्या निचऱ्याच्या नळीतून) थेंब पडताहेत. कुठून येताहेत ते कसं ओळखायचं?

प्रत्येक पॅडवर सील असतं आणि सीलमधून पाझरलेलं बाहेर न्यायला ड्रेन लाइन. काही थेंब चालतात. मिनिटाला किती आणि इंजिन चालू की बंद, याच्या मर्यादा मॅन्युअलमध्ये प्रत्येक ड्रेनसाठी वेगळ्या दिलेल्या असतात.

आधी रंग आणि वास. जांभळट द्रव म्हणजे फॉस्फेट एस्टर हायड्रॉलिक फ्लुइड, म्हणजेच स्कायड्रॉल. तो कातडीला झोंबतो, हातमोज्यांशिवाय बोट लावू नका. रॉकेलसारखा वास म्हणजे जेट ए-१. पिवळसर-तपकिरी म्हणजे ऑइल, आणि इथेच फसगत होते: आयडीजीचं आणि इंजिनाचं ऑइल बऱ्याचदा एकाच प्रकारचं असतं. मग रंगावर न जाता दोन्ही पातळ्या बघायच्या, ड्रेन लाइन एकेक करून सोडायची, जागा पुसून कोरडी करायची आणि आयडल रन घ्यायचा. काउल उघडल्याबरोबर सगळ्यात ओल्या जागेवर बोट ठेवू नका. फॅनची हवा ऑइल मागे नेते. गळती नेहमी दिसते त्याच्या पुढे आणि वर असते.

१५. चिप डिटेक्टरवर (ऑइलमधला कीस पकडणाऱ्या चुंबकावर) धातूचा कीस सापडला. किती घाबरायचं?

किसाचा प्रकार बघून ठरवायचं. राखाडी, चिखलासारखी बारीक पूड ही नेहमीची झीज. चकाकते चपटे खवले बेअरिंगचे किंवा गिअरच्या दाताचे असू शकतात. लांब, पिळदार तुकडा म्हणजे बऱ्याचदा जुन्या मशीनिंगचा राहिलेला छिलका.

तीन स्कॅव्हेंज लाइनपैकी कुठल्या लाइनवर सापडला, यावरून जागा कळते. मग प्रयोगशाळा धातू सांगते: एम५० पोलाद निघालं तर मुख्य बेअरिंगकडे बोट, ९३१० निघालं तर गिअरकडे. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, म्हणून पेटीची झीज डिटेक्टरवर दिसतच नाही. त्यासाठी फिल्टर उघडावा लागतो. बेअरिंगची बाहेरची रेस पेटीत फिरायला लागली की हेच होतं: डिटेक्टर स्वच्छ, फिल्टर चंदेरी. सापडलेला कीस पुसून टाकू नका. पिशवीत घाला, लाइन आणि तास लिहा.

१६. हँडक्रँकिंग पॅडच्या झाकणाबद्दल एवढा गाजावाजा का?

कारण त्या झाकणामागे ऑइल आहे. बोअरस्कोप तपासणीला रोटर हाताने फिरवायला झाकण काढतात. ते परत लावायचं राहिलं तर इंजिन व्यवस्थित सुरू होतं, आणि ऑइल त्या भोकातून बाहेर जात राहतं.

२३ फेब्रुवारी १९९५ रोजी ब्रिटिश मिडलँडच्या बोइंग ७३७-४०० वर हेच झालं. आदल्या रात्री दोन्ही इंजिनांची बोअरस्कोप तपासणी झाली, दोन्हीकडची झाकणं लावायची राहिली, आणि त्यानंतरचा आयडल रन घेतलाच गेला नाही. ईस्ट मिडलँड्सहून निघालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांचं जवळजवळ सगळं ऑइल गेलं. वैमानिकांनी ते ल्यूटनला उतरवलं. पुढेही अशा घटना थांबल्या नाहीत. सीएफएम५६ इंजिनांत हवेत पूर्ण ऑइल गेल्याच्या ४२ घटना नोंदवून एफएएने हे झाकण परत बसल्याची स्वतंत्र तपासणी सक्तीची केली. ज्या पेट्यांत या पॅडवर डायनॅमिक सील नव्हतं, त्यांना हा आदेश लागू होता.

काढलेलं झाकण खिशात किंवा ट्रेमध्ये ठेवू नका, पॅडजवळ लाल फीत लावून टांगा. नवं पॅकिंग (रबरी सील रिंग) कामाच्या सुरुवातीलाच काढून ठेवा. पॅकिंग नाही म्हणून झाकण नुसतं हाताने लावायचं आणि नंतर घट्ट करायचं विसरायचं, हा ठरलेला प्रकार आहे. आणि दोन्ही इंजिनांवर एकाच रात्री एकाच माणसाने हे काम करू नये.

१७. पंप किंवा आयडीजी बदलताना नेमकं काय चुकतं?

पहिलं, वजन. आयडीजी ५० किलोहून जड असतो. होइस्टचा आधार न देता तो स्प्लाइनवर (शाफ्टच्या दातेरी टोकावर) लोंबकळू दिला तर सील कापलं जातं आणि शाफ्टवर नको तो बाक येतो. गळती तेव्हा दिसत नाही, काही दिवसांनी दिसते.

दुसरं, पॅकिंग. स्कायड्रॉलला ईपीडीएम लागतं, इंधन आणि ऑइलला व्हायटॉन किंवा नायट्राइल. हायड्रॉलिक पंपावर दोन्ही प्रकार हातभर अंतरात असतात: पोर्टवर एक, पॅडवर दुसरा. अदलाबदल झाली की रबर फुगतं आणि मऊ पडतं. दिसायला दोन्ही काळीच, म्हणून पाकिटावरचा पार्ट नंबर वाचूनच पाकीट फाडायचं.

तिसरं, स्प्लाइन. लालसर पूड दिसली तर ती साध्या गंजाची नव्हे, फ्रेटिंगची (भाग एकमेकांवर बारीक घासल्याची). दातांवर नखाला लागणारी पायरी असेल तर नवा पंप जुन्या झिजलेल्या स्प्लाइनमध्ये घालू नका. काही स्प्लाइनना ऑइल मिळतं, काही कोरड्या असतात आणि ग्रीस मागतात. कोरडीला ग्रीस विसरलं तर ती लवकर खाल्ली जाते.

चौथं, हायड्रॉलिक पंपाची केस फ्लुइडने भरून मगच इंजिन चालवायचं. कोरडा फिरलेला पंप आयडल रनमध्येच खराब होतो, आणि मग त्याचा कीस सगळ्या सिस्टिमभर.

१८. ७८७ वर आयडीजी नाही म्हणतात. मग वीज कशी?

७८७ वर प्रत्येक इंजिनाला २५० केव्हीएचे दोन व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी स्टार्टर-जनरेटर आहेत. स्थिर वेगाचा ड्राइव्ह काढून टाकला, २३५ व्होल्टची वीज ३६० ते ८०० हर्ट्झमध्ये कशीही येऊ दिली, आणि जिथे ठरावीक वीज हवी तिथे इलेक्ट्रॉनिक्सने ती बदलली. केबिनच्या दाबासाठी इंजिनाची ब्लीड हवा (कॉम्प्रेसरमधून काढलेली) घेत नाहीत, म्हणून विजेची मागणी एवढी मोठी. इंजिन सुरू करायला हेच जनरेटर मोटर होतात.

एवढी ताकद आयडलला एचपी स्पूलमधून ओढली की कॉम्प्रेसरचं सर्ज मार्जिन (हवेचा प्रवाह बिघडण्यापासूनची सुरक्षित फट) कमी होतं. तीन स्पूलच्या ट्रेंट १००० मध्ये म्हणून गिअरबॉक्स इंटरमीडिएट स्पूलवर चालतो. त्याच विमानावरचं दोन स्पूलचं जीईएनएक्स मात्र एचपीवरूनच ताकद घेतं. प्रश्न ३ चा अपवाद म्हणजे हा ट्रेंट १०००.

१९. एटीआर ७२ मध्येही अशीच रचना असते का?

अर्धीच. पीडब्ल्यू१२७ वर २८ व्होल्टचा डीसी स्टार्टर-जनरेटर एचपी स्पूलच्या अ‍ॅक्सेसरी गिअरबॉक्सवर असतो, पण एसी वाइल्ड जनरेटर (ज्याची फ्रिक्वेन्सी बांधून ठेवलेली नाही असा) प्रोपेलरच्या रिडक्शन गिअरबॉक्सवर. उड्डाणात प्रोपेलरचा वेग बराचसा स्थिर ठेवला जातो, म्हणून आयडीजी लागत नाही. प्रोपेलर फेदर झाला (पाती वाऱ्याच्या दिशेने वळवली) किंवा मंद फिरत असला की ती वीज नाही. आणि एटीआरचे मुख्य हायड्रॉलिक पंप विजेवर चालतात, त्याच एसी वाइल्डवर. परीक्षेत हे हमखास विचारतात.

२०. एपीयूच्या जनरेटरला कॉन्स्टंट स्पीड ड्राइव्ह का नसतो?

एपीयू स्वतःच स्थिर वेगाने चालतं. गिअरचं प्रमाण एकदा ठरवलं की ४०० हर्ट्झ मिळतात.

२१. तेजस आणि सुखोईवर हा गिअरबॉक्स इंजिनावर दिसत नाही, तो कुठे असतो?

विमानाच्या सांगाड्यावर. तेजसमध्ये एफ४०४ इंजिनाचा स्वतःचा गिअरबॉक्स इंजिनाच्या गरजा बघतो. विमानाचा हायड्रॉलिक पंप आणि जनरेटर असतात सांगाड्यावर बसवलेल्या वेगळ्या पेटीवर, एएमएजीबीवर (एअरक्राफ्ट माउंटेड गिअरबॉक्सवर). तो चेन्नईजवळच्या आवडी इथल्या सीव्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केला. दोन्ही पेट्यांना जोडतो पीटीओ (पॉवर टेक-ऑफ) शाफ्ट. इंजिन सुरू करायला एचएएलचं छोटं गॅस टर्बाइन स्टार्टर जीटीएसयू-११० याच पेटीतून ताकद देतं. नाशिकजवळ ओझरला तयार झालेल्या सुखोई-३० एमकेआयवरही इंजिनागणिक अशी वेगळी पेटी असते.

फायदा इंजिन बदलताना कळतो: पीटीओ शाफ्ट सोडला की हायड्रॉलिक लाइन आणि जनरेटरच्या तारांना हात न लावता इंजिन बाहेर येतं. तोटा म्हणजे तो शाफ्ट. इंजिन गरम होऊन लांबतं, सांगाडा वाकतो. जरा तिरकस आणि मागे-पुढे झालेलं अंतर त्या शाफ्टने निमूट सहन करायचं, म्हणून दोन्ही टोकांना लवचीक कपलिंग.

२२. इंजिन ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. चांगलंच ना?

अजिबात नाही. आधी मोजण्याची वेळ तपासा: बंद केल्यावर साधारण ५ मिनिटं थांबून आणि ३० मिनिटांच्या आत पातळी बघायची असते, नाहीतर संपात आणि गिअरबॉक्समध्ये राहिलेल्या ऑइलमुळे आकडा फसवतो. वेळ बरोबर असूनही आकडा वाढत असेल तर बाहेरून काहीतरी आत येतंय. आयडीजीची पातळी तेवढीच उतरली असेल तर त्याच्या इनपुट सीलकडे बघा. दोन्ही ऑइल सारखी असल्यामुळे बाहेर एक थेंबही दिसत नाही. ऑइलला रॉकेलचा वास असेल तर इंधन-ऑइल हीट एक्स्चेंजर किंवा इंधन पंपाचं सील. असं इंजिन चालवू नका: इंधन मिसळलं की ऑइल पातळ होऊन बेअरिंग कोरडी पडतात, आणि संपात पेट घेण्याचा धोका राहतो. ऑइल काढून टाकण्याआधी नमुना बाटलीत घ्या. नंतर सिस्टिम फ्लश केल्यावर कारण शोधायला हाती काहीच उरत नाही.